पैशांची शाब्दिक उदाहरणं: आधी विचारा, ‘कशाचा?’

शिष्यवृत्ती परीक्षेपासून दहावीच्या बीजगणितापर्यंत पैशांची शाब्दिक उदाहरणं मुलांची पाठ सोडत नाहीत. साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर ती रोजच भेटतात. बेरीज, वजाबाकी, भागाकार चोख येणारी मुलंही इथे अडखळतात, कारण अडचण आकड्यांच्या आधीच सुरू झालेली असते. ‘निम्मे’, ‘उरलेल्याचा तिसरा भाग’, ‘पेक्षा २० ने जास्त’ हे शब्द गणितात उतरवताना गफलत होते आणि मग पुढची सगळी बरोबर आकडेमोड वाया जाते.

ही उदाहरणं सोडवायचे दोन रस्ते आहेत. एक, शेवटच्या रकमेपासून उलटं मागे येणं. दुसरा, न माहीत असलेली रक्कम ‘क्ष’ मानून समीकरण मांडणं. कुठला रस्ता कधी धरायचा ते पुढे येईलच. खाली जे भाव, भाडी, रकमा आहेत त्या उदाहरणापुरत्या घेतल्या आहेत.

वाचताना

उदाहरणावर पट्टी ठेवा आणि एकेक वाक्य उघडत वाचा. सगळं एका दमात वाचलं की मुलं त्यातले आकडे गोळा करतात आणि मिळेल ती क्रिया करून मोकळी होतात. पेन्सिलीनं तीन खुणा करा: काय विचारलंय त्याखाली रेघ, जी रक्कम पक्की माहीत आहे तिच्याभोवती चौकट, आणि प्रत्येक ‘निम्मे’, ‘पाव’, ‘तिसरा भाग’, ‘टक्के’ या शब्दाच्या डोक्यावर ‘कशाचा?’ या प्रश्नाचं उत्तर. मूळ रकमेचा? उरलेल्याचा? दुसऱ्याकडच्या पैशांचा? तिसरी खूण मुलं हमखास गाळतात, आणि मार्क तिथेच जातात.

मराठीत ही माहिती बहुतेक वेळा शब्दाच्या शेपटीत असते. ‘पेक्षा’ ज्याला चिकटलंय ती तुलनेची मूळ वस्तू, म्हणून क्ष तिला द्यायचा. ‘शाल चादरीपेक्षा १५० रुपयांनी महाग आहे, दोन्ही मिळून ११५० रुपये झाले’ यात क्ष म्हणजे चादर, आणि शाल क्ष + १५०. मग २क्ष + १५० = ११५०, म्हणून क्ष = ५००. घाईत ११५० मधून १५० वजा करून ‘चादर १००० रुपयांची’ असं लिहिणारी मुलं खूप. त्यांना एवढंच विचारायचं, ‘मग शाल केवढ्याची?’ शाल ११५० ची निघते आणि दोन्ही मिळून २१५०. चूक मुलाला स्वतःलाच दिसते.

‘तून’ आणि ‘मधून’ याकडेही लक्ष हवं. ‘५० मधून ती रक्कम वजा केली’ म्हणजे ५० − क्ष, आणि ‘त्या रकमेतून ५० वजा केले’ म्हणजे क्ष − ५०. ‘तिपटीपेक्षा १० ने कमी’ हे ३क्ष − १० असतं. घाईत मुलं १० − ३क्ष करून बसतात.

घरातले जुने आकडेही एकदा पक्के करून घ्या. पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. ‘पावणेतीनशे’ला ३२५ लिहिणारं पोर घरोघरी सापडतं, ३२५ म्हणजे सव्वातीनशे. पावणे म्हणजे पाव कमी, सव्वा म्हणजे पाव जास्त. आणि ५ रुपये ५ पैसे हे ५.०५ असतात, ५.५० नव्हेत.

शेवटून मागे येणं

सुमनताई राजवाड्याजवळच्या बाजारात गेल्या. जवळच्या पैशांपैकी निम्मे किराण्यात गेले. मग २४० रुपयांचे कंदी पेढे घेतले. उरलेल्या पैशांचा तिसरा भाग रिक्षाला दिला. घरी आल्या तेव्हा पर्समध्ये ८० रुपये होते. निघताना किती होते?

आधी सरळ क्रम बाणांनी मांडा, रिकाम्या चौकटींसह:

☐ → निम्मे उरले → ☐ → २४० गेले → ☐ → तिसरा भाग गेला → ८०

आता उजवीकडून डावीकडे या. तिसरा भाग गेला, म्हणजे दोन भाग उरले. दोन भाग मिळून ८०, तर एक भाग ४०, तीन भाग १२०. म्हणजे रिक्षाच्या आधी १२० होते. पेढ्यांचे २४० परत घाला, ३६०. हे निम्मे होते, म्हणून निघताना ७२०.

यात सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: ८० चा तिसरा भाग काढायचा, २६.६७, आणि तो ८० मध्ये मिळवून १०६.६७ लिहायचं. पण तिसरा भाग रिक्षाच्या आधीच्या रकमेचा होता, आणि ८० ही नंतरची रक्कम आहे. यावर सोपा उपाय म्हणजे ‘किती गेले’ खोडून तिथे ‘किती उरले’ लिहायचं. तिसरा भाग गेला = २/३ उरले. पाव गेला = ३/४ उरले. २/५ गेले = ३/५ उरले. उलटं येताना उरलेला अपूर्णांक उलटा करून गुणायचं: ८० × ३/२ = १२०. रुपयांच्या साध्या उदाहरणात अचानक पैशांचे विचित्र दशांश दिसू लागले की थांबायचं आणि ‘कशाचा?’ पुन्हा तपासायचं.

लहान मुलांना हे कागदावर पटत नसेल तर चिंचोके घ्या. बारा चिंचोके मांडा. निम्मे बाजूला सारा, सहा राहिले. त्या सहाचे दोन-दोनचे तीन ढीग करा आणि एक ढीग उचला. ताटात चार चिंचोके आहेत, दोन-दोनच्या दोन ढिगांत. आता मुलाला विचारा, ‘उचललेला ढीग केवढा होता?’ समोरच्या ढिगाएवढाच, दोनचा, हे त्याला दिसतं. चारचा तिसरा भाग काढायचा विचारही त्याच्या मनात येत नाही. असं दोनतीनदा हातानं केलं की मग वहीतले २/३ आणि ३/२ समजायला लागतात.

‘निम्मे आणि वर दहा’

पालच्या खंडोबाच्या यात्रेत एका मुलानं पहिल्या दुकानात जवळचे निम्मे पैसे आणि वर १० रुपये खर्च केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानातही तसंच केलं. शेवटी १५ रुपये उरले.

इथे क्रिया दोन आहेत आणि त्यांना क्रम आहे: आधी निम्मे, मग १० वजा. उलटं येताना क्रमही उलटतो: आधी १० मिळवा, मग दुप्पट करा. पायमोजा आधी आणि बूट नंतर घालतो, काढताना बूट आधी निघतो, तसंच.

१५ + १० = २५, दुप्पट ५०.
५० + १० = ६०, दुप्पट १२०.
१२० + १० = १३०, दुप्पट २६०.

मुलाकडे २६० रुपये होते. आधी दुप्पट करून मग १० मिळवले तर पहिल्याच पायरीला ४० येतात. त्या ४० चे निम्मे २० गेले, वर १० गेले, राहिले १०. आपल्याला हवे होते १५. प्रत्येक पायरीला असं लगेच पुढे जाऊन पाहिलं तर चूक शेवटपर्यंत ओढली जात नाही.

एका शब्दानं उत्तर बदलतं

ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी लिहून मुलांना द्या.

पहिलं: निम्मी रक्कम फीला गेली. उरलेल्याचा पाचवा भाग पुस्तकांना गेला. १८० उरले.
दुसरं: निम्मी रक्कम फीला गेली. मूळ रकमेचा पाचवा भाग पुस्तकांना गेला. १८० उरले.

पहिल्यात मागे येता येतं. चार भाग १८०, एक भाग ४५, पाच भाग २२५, दुप्पट ४५०. दुसऱ्यात मागे यायला गेलं की पहिल्याच पावलाला अडतं: पुस्तकांना किती गेले हे कळायला मूळ रक्कम हवी, आणि तीच तर शोधायची आहे. तिथे क्ष लागतो. क्ष/२ − क्ष/५ = १८०. दोन्ही बाजूंना १० ने गुणलं की ५क्ष − २क्ष = १८००, क्ष = ६००. ताळा: ३०० राहिले, ६०० चा पाचवा भाग १२० गेला, १८० उरले.

रस्ता निवडायची कसोटी हीच. घटना एकामागून एक एका ओळीत घडल्या, प्रत्येक वेळी समोर असलेल्या रकमेवरच क्रिया झाली आणि शेवट माहीत आहे, तर मागे या. अज्ञात रक्कम दोन ठिकाणी डोकावत असेल, दोन माणसं किंवा दोन वस्तू गुंतल्या असतील, तर समीकरण मांडा.

टक्के उलटताना

२० टक्के सूट मिळून ९६० रुपये दिले, तर छापील किंमत किती? ९६० वर २० टक्के चढवून ११५२ लिहिणं ही तीच रिक्षावाली चूक आहे. सूट छापील किमतीवर होती. ८० टक्के म्हणजे ९६०, १० टक्के म्हणजे १२०, १०० टक्के म्हणजे १२००.

१८ टक्के जीएसटी धरून बिल ११८० झालं तर मूळ किंमत ११८० ÷ १.१८ = १०००. बिलाचे १८ टक्के काढून वजा केले तर ९६७.६० येतात. दुकानाच्या हिशोबात मोठी माणसंही इथे फसतात.

क्ष मानून सोडवणं

सातारा–कऱ्हाड एसटीत पूर्ण तिकीट ९० आणि अर्धं ४५ रुपये धरू. कंडक्टरनं ३८ तिकिटं फाडली, जमा २८३५ रुपये. पूर्ण तिकिटं किती?

समजा पूर्ण तिकिटं क्ष. मग अर्धी ३८ − क्ष. इथे दुसरं अक्षर आणायची गरज नाही. एकूण माहीत असलं की दुसरी संख्या वजाबाकीनं लिहिता येते.

९०क्ष + ४५(३८ − क्ष) = २८३५

लगेच गुणाकार करत बसू नका. सगळ्या पदांना ४५ ने भाग जातो का पाहा. जातो: २क्ष + ३८ − क्ष = ६३, म्हणून क्ष = २५. पूर्ण २५, अर्धी १३. ताळा: २२५० + ५८५ = २८३५.

या प्रकारात दोन चुका होतात. एक, ९०क्ष + ४५य = ३८ असं लिहिणं. डावीकडे रुपये आहेत आणि उजवीकडे तिकिटं. हे बरोबरीचं चिन्ह खोटं आहे. प्रत्येक बाजूखाली बारीक अक्षरात ‘रुपये’ किंवा ‘तिकिटं’ लिहायची सवय लावली की ही चूक थांबते. दुसरी, कंस सोडवताना ४५ ने फक्त ३८ ला गुणणं आणि −क्ष तसाच ठेवणं.

शिष्यवृत्तीच्या मुलांना अजून समीकरण येत नसेल तर हेच तोंडी करता येतं. सगळी तिकिटं अर्धी होती असं धरा: ३८ × ४५ = १७१०. प्रत्यक्षात ११२५ जास्त आले. अर्ध्याच्या जागी पूर्ण तिकीट धरलं की दर वेळी ४५ वाढतात. ११२५ ÷ ४५ = २५.

देवाणघेवाण

बहिणीकडे भावाच्या तिप्पट पैसे आहेत. तिनं भावाला १०० रुपये दिले, तर तिच्याकडे भावाच्या दुप्पट राहतात. सुरुवातीला कुणाकडे किती?

भावाकडे क्ष, बहिणीकडे ३क्ष. ‘दिले’ हा शब्द दोन खाती बदलतो: एकीकडून गेले, दुसरीकडे आले. म्हणून समीकरणाआधी छोटा तक्ता करा.

आधी: बहीण ३क्ष, भाऊ क्ष
नंतर: बहीण ३क्ष − १००, भाऊ क्ष + १००

३क्ष − १०० = २(क्ष + १००), म्हणून क्ष = ३००. भावाकडे ३००, बहिणीकडे ९००. दिल्यावर ८०० आणि ४००. बरोबर दुप्पट.

मुलं बहिणीचे १०० वजा करतात आणि भावाचे मिळवायला विसरतात. दुसरा घोळ ‘दुप्पट’ कुठल्या बाजूला लावायची याचा. जो कमी आहे त्याला दोननं गुणायचं, तेव्हाच दोन्ही बाजू सारख्या होतात. शंका आली तर साधे आकडे घ्या: ८०० हे ४०० च्या दुप्पट, मग ८०० = २ × ४००. दोन लहानाच्या बाजूला बसला.

हळदीच्या पट्टीवरून भाव काढणं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकल्यावर हाती येणारी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हे मागे येण्याचं उत्तम उदाहरण. समजा ५० किलोची १२ पोती विकली. हमाली-तोलाई पोत्यामागे २० रुपये कापली. आधी घेतलेली १०,००० ची उचल कापली. हातात ७३,७६० आले. क्विंटलला भाव काय लागला?

उचल परत घाला: ८३,७६०. हमाली-तोलाई १२ × २० = २४०, ती परत घाला: ८४,०००. वजन ६०० किलो म्हणजे ६ क्विंटल. ८४,००० ÷ ६ = १४,०००.

उचल ही कपात आहे म्हणून परत मिळवायची. ती ‘आधी मिळाली’ म्हणून काही जण पुन्हा वजा करतात. पैसे शेतकऱ्याकडे कधी आले याचा इथे संबंध नाही. पट्टीवर वरच्या बेरजेतून ते कापले आहेत का, एवढंच पाहायचं. आणि भाव क्विंटलचा विचारलाय, पोत्याचा नव्हे. १२ ने भागलं तर ७,००० येतात आणि ते एका पोत्याचे असतात.

जुनं पण पक्कं उदाहरण

मागे येण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त ती विलोमविधी म्हणून येते: गुणाकाराच्या जागी भागाकार, भागाकाराच्या जागी गुणाकार, वर्गाच्या जागी मूळ, मिळवण्याच्या जागी वजा. त्याच ग्रंथात एका यात्रेकरूचं उदाहरण आहे. त्यानं निम्मं धन प्रयागला दिलं, उरलेल्याचे २/९ काशीला, उरलेल्याचा पाव भाग वाटेतल्या जकातीत, उरलेल्याचे ६/१० गयेला. ६३ निष्क (त्या काळचं नाणं) घेऊन तो घरी परतला.

‘किती उरले’ लिहा: १/२, ७/९, ३/४, ४/१०. मागून: ६३ × १०/४ = १५७.५. त्याला ४/३ ने गुणलं की २१०. ९/७ ने गुणलं की २७०. दुप्पट ५४०. मध्ये अर्धा निष्क आला म्हणून घाबरायचं कारण नाही, एका निष्काचे १६ द्रम्म होत. मुलांनी मधला दशांश टाळायचा असेल तर चारही अपूर्णांकांचा गुणाकार आधी करावा: ७/६० येतो, आणि ६३ × ६०/७ = ५४०.

ताळा आणि मांडणी

आलेलं उत्तर समीकरणात घालून पाहू नका, उदाहरणाच्या वाक्यांत घालून पाहा. समीकरणच चुकलं असेल तर त्याचं उत्तर त्यात चपखल बसणारच. ७२० घेऊन सुमनताईंबरोबर पुन्हा बाजारात जा: निम्मे ३६०, पेढ्यांनंतर १२०, रिक्षाचे ४० गेल्यावर ८०.

पर्यायी प्रश्न असतील तर पर्यायच पुढे चालवून पाहता येतात. मधल्या पर्यायापासून सुरू करा. शेवटी हवेत त्याहून जास्त उरले तर लहान पर्याय घ्या, कमी उरले तर मोठा.

वहीत पहिली ओळ ‘समजा, भावाकडील रक्कम = क्ष रुपये’ अशी पूर्ण लिहा. नुसतं ‘समजा क्ष’ लिहिलं तर शेवटी क्ष म्हणजे कोण हे मुलालाच आठवत नाही, आणि बहिणीचे विचारले असताना ते भावाचे लिहून येतं. शेवटच्या ओळीआधी रेघ मारलेला प्रश्न पुन्हा वाचा.

सरावाला तीन:

१. एका भाविकाकडचे पैसे प्रत्येक देवळाच्या दारात दुप्पट होतात आणि आत तो ८० रुपये वाहतो. तिसऱ्या देवळानंतर त्याच्याकडे काहीच उरत नाही. सुरुवातीला किती होते?

२. हिरवा बेदाणा २१० आणि काळा १२० रुपये किलो. १५ किलोचे एकूण २० बॉक्स विकून ५२,२०० आले. हिरव्याचे बॉक्स किती?

३. ताईकडे दादाच्या तिप्पट पैसे. तिनं त्याला १०० दिले तर दोघांकडे सारखे होतात. ताईकडे किती?

उत्तरं: ७० रुपये; १२ बॉक्स; ३०० रुपये. दुसऱ्यात १२ आलं नाही किंवा उत्तर अपूर्णांकात गेलं, तर किलो आणि बॉक्स एकाच समीकरणात मिसळलेत का ते पाहा: एक बॉक्स हिरव्याचा ३१५० चा, काळ्याचा १८०० चा.